निसर्गाचा घसारा कोण मांडणार?

मिळवून खाणे वेगळे आणि मोडून खाणे वेगळे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. घरातला कर्ता दरवर्षी एखादा दागिना सोनाराकडे नेऊन मोडू लागला, बांधावरची आंब्याची झाडे एकेक करून वखारवाल्याला देऊ लागला आणि त्यातून आलेला पैसा वहीत 'उत्पन्न' म्हणून लिहू लागला, तर त्या घराची भरभराट चालली आहे असे कोणी म्हणणार नाही. वडीलधारी मंडळी त्याला चार शब्द सुनावतील, शेजारीपाजारी हळहळतील. वही मात्र त्याची वर्षागणिक फुगतच असेल!

देशाची वही नेमकी अशीच लिहिली जाते. जंगल तोडले की लाकडाची किंमत राष्ट्रीय उत्पादनात जमा होते. तुटलेल्या जंगलाची वजाबाकी कुठेच होत नाही. विंधनविहिरीतून पाणी उपसून ऊस पिकवला की उसाची किंमत जमेस धरली जाते. पाण्याची पातळी किती खाली गेली हे कोणी खर्ची टाकत नाही. पुढे विहिरी आटतात, गावाला टँकर लागतो, आणि त्या टँकरचे भाडेही पुन्हा उत्पादनात मिळवले जाते. म्हणजे तहान लागली तरी देश श्रीमंतच! गिरणीतली यंत्रे झिजली की त्यांचा घसारा मांडायचा, हे पहिल्या वर्षाला बसणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही जाणतो. मग नदी, माती, वन, भूजल यांच्या झिजेचा घसारा कोण मांडणार?

हा साधा, घरगुती वाटणारा प्रश्न अर्थशास्त्राच्या काटेकोर भाषेत मांडण्यासाठी पार्थ दासगुप्ता यांनी पन्नासहून अधिक वर्षे वेचली. पर्यावरणाचे आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचे अर्थशास्त्र ही ज्ञानशाखा आज जगभरच्या विद्यापीठांत शिकवली जाते. तिला जे रूप आले आहे त्यात या भारतीय वंशाच्या विद्वानाचा वाटा फार मोठा आहे. आपल्याकडे अर्थशास्त्रज्ञ म्हटला की तो अर्थसंकल्पाच्या दिवशी बोलणारा किंवा बँकेच्या व्याजदरावर लिहिणारा, अशी समजूत असते. त्यामुळे दासगुप्तांचे नाव मराठी घरांत फारसे ऐकू येत नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र आपल्या अंगणातलाच आहे.

पदार्थविज्ञानाकडून अर्थशास्त्राकडे

दासगुप्तांचा जन्म १९४२ सालचा, ढाक्याचा. वडील अमियकुमार दासगुप्ता हे त्या पिढीतले नामवंत अर्थशास्त्रज्ञ. मुलाचे बालपण बनारसमध्ये गेले. त्याने वडिलांची वाट एकदम धरली नाही. दिल्लीच्या हंसराज महाविद्यालयातून १९६२ मध्ये पदार्थविज्ञानाची पदवी, त्यानंतर केंब्रिजमध्ये गणित, आणि मग तेथेच १९६८ मध्ये अर्थशास्त्राची डॉक्टरेट, असा हा वळणावळणाचा प्रवास आहे. शून्यातून वस्तू निर्माण होत नाही, ती कोठून तरी यावी लागते आणि वापरून झाली की कोठेतरी जावी लागते, ही पदार्थविज्ञानाची शिकवण. तत्कालीन अर्थशास्त्रात कारखाना होता, कामगार होता, भांडवल होते. कच्चा माल येतो कोठून आणि धूर जातो कोठे, याची विचारपूस फारशी नव्हती.

ती विचारपूस करायला भाग पाडले तेलाने. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच खनिज तेलाच्या किमती चौपट झाल्या आणि संपणाऱ्या संपत्तीचा प्रश्न सगळ्या जगासमोर उभा राहिला. दासगुप्ता तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवत होते. जी वस्तू भूगर्भात ठरावीकच आहे ती किती वेगाने वापरावी, याचे पहिले सुसूत्र गणित अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३१ मध्येच मांडले होते. पण चार दशके ते बहुतेक अडगळीतच पडून होते. दासगुप्ता आणि त्यांचे सहकारी जेफ्री हील यांनी १९७४ च्या निबंधात आणि १९७९ च्या ग्रंथात हा विषय नव्याने उभा केला. तो ग्रंथ या शाखेचा पायाभूत ग्रंथ मानला जातो.

तेथेच थांबले असते तरी त्यांची प्राध्यापकी सुखाने पार पडली असती. परंतु तेलाचा अभ्यास करताना एक गोष्ट स्पष्ट होत होती. तेलाला मालक आहे, बाजार आहे, भाव आहे. तेल दुर्मीळ होऊ लागले की भाव चढतो. भाव चढला की माणसे काटकसर करतात, पर्याय शोधतात. गावच्या तळ्याचे काय? गायरानाचे काय? समुद्रातल्या मासळीचे, जमिनीखालच्या पाण्याचे, हवेचे काय? त्यांना भाव नाही. ती संपत आली तरी कोणतीही घंटा वाजत नाही. निसर्गातले पुष्कळसे व्यवहार डोळ्यांना दिसत नाहीत, कानांना ऐकू येत नाहीत आणि एका जागी थांबतही नाहीत. वरच्या गावाने पाणी उपसले की खालच्या गावाची विहीर आटते, पण त्याची पावती कोणी कोणाला देत नाही. धोका असेल तर तो तेलापेक्षा येथे अधिक आहे, या निष्कर्षाने दासगुप्तांच्या पुढच्या आयुष्याची दिशा ठरली.

गायरान, सरपण आणि बाईचा वेळ

१९८० नंतरच्या त्यांच्या लेखनात खेडे येते. दारिद्र्य आणि वंचना या विषयावरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आणि त्यानंतरच्या लेखांत त्यांनी मांडलेली एक साखळी आपल्या ग्रामीण वाचकांना ओळखीची वाटेल. रान मागे सरकले की सरपणासाठी बाईची पायपीट वाढते. पाणवठा आटला की हंड्याची खेप लांबते. दिवसाचे तास तेवढेच. मग घरात आणखी हात लागतात. थोरल्या मुलीची शाळा सुटते. मूल म्हणजे खाणारे एक तोंड खरे, पण पाचव्या-सहाव्या वर्षापासून ते पाणी आणणारे, गुरे राखणारे दोन हातही असते. म्हणून कुटुंब वाढते, आणि वाढत्या कुटुंबांचा भार पुन्हा त्याच रानावर पडतो. दारिद्र्य, लोकसंख्या आणि निसर्गाची झीज ही तीन वेगळी दुखणी नसून पुष्कळ ठिकाणी ती एकमेकांना पोसतात, असे त्यांचे म्हणणे. या साखळीची प्रत्येक कडी सर्वत्र सारखीच पक्की आहे असे नाही, तिच्यावर वादही झाले. तरीही सरपणाची मोळी अर्थशास्त्राच्या पानावर आणली, हे श्रेय मोठे आहे.

ही मोळी कल्पनेतली नव्हती. राजस्थानी मातीतले अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी १९८६ मध्ये सात राज्यांतल्या ऐंशीहून अधिक कोरडवाहू गावांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्या सात राज्यांत महाराष्ट्रही होता. गरीब घरांच्या उत्पन्नातला १४ ते २३ टक्के भाग गायरान, पडीक रान, ओढेनाले अशा सामाईक जागांतून येत होता. आणि १९५० नंतरच्या तीन दशकांत याच जागांचे क्षेत्र ३१ ते ५५ टक्क्यांनी घटले होते. ज्या उत्पन्नाला पावती नाही ते हिशेबात धरले गेले नाही. आणि जे हिशेबात नव्हते ते गेले तेव्हा कोणाला कळलेही नाही. ज्यांचे गेले त्यांना तेवढे कळले.

नातवंडांची किंमत

निसर्गाच्या हिशेबात आणखी एक अवघड वळण आहे, ते काळाचे. आज हाती असलेला रुपया आणि पन्नास वर्षांनी मिळणारा रुपया यांची किंमत एक नसते. प्रकल्पाचा नफातोटा काढताना भविष्यातल्या रकमेवर दरसाल काही टक्के वटाव कापला जातो. हा दर आठ टक्के धरला तर पन्नास वर्षांनी होणाऱ्या शंभर रुपयांच्या नुकसानीची आजची किंमत भरते अवघी दोन रुपये तेरा पैसे! धरणात साचणारा गाळ, पाटाच्या पाण्याने चोपण होणारी जमीन, तोडलेले डोंगर, हे सारे भोग पुढच्या पिढीच्या वाट्याला यायचे असतात. वटावाच्या एका फटक्यात ते कागदावरून जवळजवळ पुसले जातात. आकडेमोडीत चूक काहीच नसते. फक्त नातवंडे नगण्य ठरतात.

केंब्रिजमधले दासगुप्तांचे अध्यासन फ्रँक रॅमसे यांच्या नावाचे होते, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. अवघ्या सव्वीसाव्या वर्षी, १९३० मध्ये वारलेल्या या बुद्धिमान तरुणाने १९२८ च्या आपल्या निबंधात बजावले होते की, केवळ नंतर जन्माला येणार म्हणून कोणाचे सुख कमी मोलाचे मानणे नीतीला धरून नाही. दासगुप्तांनी हा धागा सोडला नाही. वटाव किती कापायचा हा प्रश्न केवळ गणिताचा नाही, तो आपण पुढच्यांशी कसे वागणार याचा आहे, हे त्यांनी वारंवार दाखवून दिले.

यातूनच स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ कार्ल-योरान मेलर यांच्यासह त्यांनी २००० साली एक कसोटी सिद्ध केली. देश प्रगती करतो आहे की नाही हे वर्षाच्या उत्पन्नावरून ठरवू नका, त्याच्या एकूण संपत्तीवरून ठरवा. संपत्तीत तीन गोष्टी धरा: रस्ते, कारखाने, यंत्रे हे मानवनिर्मित भांडवल, माणसांचे आरोग्य आणि शिक्षण हे मानवी भांडवल, आणि माती, पाणी, वने, जीवजाती हे निसर्गभांडवल. या तिन्हींची दरडोई बेरीज वाढत असेल तर ती प्रगती. घटत असेल, तर उत्पन्न कितीही वाढलेले दिसो, आपण मोडून खात आहोत.

दोन अर्थशास्त्रज्ञांची दोन मुले

या प्रश्नाला महाराष्ट्राची पार्श्वभूमीही आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली. ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. कालव्याचा लाभ म्हणजे केवळ पाणीपट्टी नव्हे; शेतकरी, मजूर, व्यापारी, वाहतूकदार अशा कितीजणांपर्यंत तो कसा पोहोचतो, याचा तो बारकाईने घेतलेला शोध होता. जे खजिन्याच्या हिशेबात दिसत नाही तेही मोजले पाहिजे, ही दृष्टी त्यात होती.

धनंजयरावांचे चिरंजीव माधव गाडगीळ यांचा जन्मही १९४२ चाच. एका अर्थशास्त्रज्ञाचा मुलगा अर्थशास्त्रात निसर्ग आणायला निघाला. दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाचा मुलगा थेट निसर्गाकडेच गेला आणि परिसरशास्त्रज्ञ झाला. कर्नाटकातल्या बांबूच्या वनांचा अभ्यास करताना माधवरावांना जे दिसले तोही हिशेबाचाच प्रश्न होता. कागद गिरण्यांना सरकारी वनातला बांबू नाममात्र दराने मिळत होता, आणि टोपल्या विणून पोट भरणाऱ्या बुरुडांना तोच बांबू बाजारात कित्येक पट भावाने घ्यावा लागत होता. फुकटात मिळालेली वस्तू कोणी जपत नाही. बांबूची बेटेही जपली गेली नाहीत. पुढे २०११ मध्ये माधवरावांच्या समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल दिला आणि त्यावरून महाराष्ट्रासह अनेक राज्यांत वादळ उठले. विकास हवा की निसर्ग, असाच त्या वादाचा सूर राहिला. घाटातून उगम पावणाऱ्या नद्यांवर किती शेते, किती शहरे, किती वीजघरे उभी आहेत, याचा ताळेबंद जर समोर असता, तर हा वाद अशा भाषेत झालाच नसता.

असा ताळेबंद करण्याची संधी त्याच सुमारास चालून आली होती. २०११ मध्ये केंद्र सरकारने हरित राष्ट्रीय लेख्यांसाठी दासगुप्तांच्याच अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. त्याचा आराखडा २०१३ मध्ये सादर झाला. काम अगदीच पडून राहिले असे म्हणता येणार नाही. २०१८ पासून केंद्रीय सांख्यिकी खाते पर्यावरण लेख्यांच्या पुरवण्या प्रसिद्ध करू लागले. पण पुरवणी ती पुरवणीच! मुख्य वहीतला विकासदराचा आकडा जसा होता तसाच राहिला, आणि राजकारण चालते ते त्याच आकड्यावर.

ब्रिटिश अर्थखात्याने २०१९ मध्ये दासगुप्तांवर जैवविविधतेच्या अर्थशास्त्राचा अहवाल सोपवला. तो फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. काम पर्यावरण खात्याने नव्हे, तिजोरी सांभाळणाऱ्या खात्याने सोपवले, हे विशेष. सहाशे पानांच्या या अहवालातले एकच आकडेवार वाक्य लक्षात ठेवण्याजोगे आहे: १९९२ ते २०१४ या काळात जगातले दरडोई मानवनिर्मित भांडवल दुप्पट झाले, मानवी भांडवल सुमारे १३ टक्क्यांनी वाढले आणि निसर्गभांडवल जवळपास ४० टक्क्यांनी घटले. आपल्या उदारीकरणाच्या पिढीचा हा सारा काळ. घरात टीव्ही आला, दारात गाडी आली, मुले परदेशी शिकली. खोटे त्यात काहीच नव्हते. पण कोणती ठेव मोडून ते आले, हे पासबुकात छापलेले नव्हते.

किंमत लावावी काय?

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. नदीला, देवराईला, वाघाला किंमत कशी लावणार? आणि एकदा किंमत लावली की विक्रीही आलीच! अमुक कोटी भरा आणि डोंगर घेऊन जा, असे म्हणायला मोकळीक मिळाली, तर या शास्त्राने निसर्गाचे भले केले की बुरे? दासगुप्तांवर युरोपातल्या पर्यावरणवाद्यांनी नेमकी हीच टीका केली.

तिला उत्तर असे की, हिशेबातले मोल आणि बाजारातला भाव या दोन भिन्न गोष्टी आहेत. वडिलोपार्जित घराचे मूल्यांकन करून घेणारा प्रत्येकजण घर विकायला काढत नाही. कित्येकदा मूल्यांकन पाहूनच त्याला ते न विकण्याची बुद्धी होते. उलट ज्याला मोल लावले नाही त्याचे मोल शून्य धरले जाते, हा आजवरचा अनुभव आहे. तरीही काही गोष्टी मोजमापापलीकडच्या आहेत, निसर्गाचे पावित्र्य त्यातले एक, हे दासगुप्तांनी आपल्या अहवालात मान्य केले आहे.

मोजमापाच्या मर्यादा दाखवणारे एक उदाहरण मुंबईतलेच आहे. गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबाबत मुंबईकरांना विचारले होते की, हे रान राखण्यासाठी तुम्ही किती पैसे द्याल? १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार उत्तर निघाले, घरटी महिन्याला सरासरी साडेसात रुपये. आकडा ऐकून हसू येईल. पण महानगरातली लक्षावधी घरे धरली तर रक्कम कोटींत जाते. शिवाय हे केवळ माणसांच्या खिशाने दिलेले उत्तर आहे. तुळशी आणि विहार तलावांचे पाणी त्याच रानातून येते, हे ज्याला ठाऊक नाही तो साडेसात रुपये सांगणार. ठाऊक असेल तो काय सांगेल? म्हणून किंमत लावण्याआधी माहिती हवी, आणि माहिती लोकांपर्यंत पोहोचायला हवी.

हिशेब केवळ कागदावर न राहता व्यवहारात कसा उतरतो, हे गोव्याने दाखवले. बेसुमार लोहखनिज उपशाच्या प्रकरणात २०१२ मध्ये खाणी थांबल्या. एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिज विक्रीच्या रकमेतले दहा टक्के एका स्थायी निधीत ठेवण्याचा आदेश दिला, तो पुढच्या पिढ्यांशी न्याय व्हावा या स्पष्ट हेतूने. खनिज एकदा गेले की परत येत नाही. निदान त्याच्या पैशातला काही भाग तरी मुद्दल म्हणून मागे राहावा, हे तत्त्व या शास्त्राने १९७० च्या दशकातच सांगितले होते. दहा टक्के पुरेसे की अपुरे, हा वाद होऊ शकतो. पण विकलेली वस्तू ही मिळकत नसून मुद्दल आहे, हे न्यायालयाच्या कागदावर आले, हे थोडे नाही.

आता महाराष्ट्राने काय करावे? दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी राज्याची आर्थिक पाहणी प्रसिद्ध होते आणि तिच्यातल्या राज्य उत्पन्नाच्या आकड्याचा गाजावाजा होतो. त्या आकड्यातून जमिनीखालचे घटलेले पाणी वजा केलेले नसते. आपल्या राज्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग काळ्या कातळाचा. त्याच्या पोटात पाणी मुळात थोडे राहते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षे मोजत आली आहे. म्हणजे मोजणारे आहेत, आकडेही आहेत. फक्त ते आकडे आणि राज्य उत्पन्नाचा आकडा एका पानावर येत नाहीत. ते यावेत, अशी मागणी करायला कोणत्याही पक्षाची हरकत असू नये. जगही त्या दिशेला निघाले आहे. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय लेख्यांची जी नवी पद्धत स्वीकारली, तिच्यात नैसर्गिक संपत्तीची घट हा उत्पादनाचा खर्च धरला आहे. देशोदेशी ती लागू व्हायला काही वर्षे जातील. आपण वाट पाहत बसायचे कारण नाही.

यासाठी माणसे लागतील. विहिरीची खोली, मासेमाराच्या जाळ्यातली मासळी, सरपणाला जाणारे तास हे सारे मोजून त्यांचा अर्थ लावणारी माणसे. १९९९ मध्ये दक्षिण आशियातल्या तरुण अर्थशास्त्रज्ञांना हे काम शिकवण्यासाठी काठमांडूत एक संस्थाजाल उभे राहिले, त्यात दासगुप्ता आणि मेलर यांचा पुढाकार होता. आपल्या घरातली एखादी मुलगी उद्या म्हणाली की मला विज्ञानही आवडते आणि अर्थशास्त्रही, तर तिला दोहोंतले एक निवड असे सांगण्याची घाई करू नये. पदार्थविज्ञानाच्या पदवीवरून सुरू झालेली दासगुप्तांची वाट तिच्यासमोर ठेवावी. निसर्गाची ओळख शाळेच्या पहिल्या इयत्तेपासून व्हावी, ती पुढे विद्यापीठापर्यंत सुटू नये, असा आग्रह त्यांच्या अहवालाच्या अखेरीस आहे. आयुष्यभर सूत्रे मांडणाऱ्या माणसाने शेवटी शाळेवर विसंबावे, यात नवल नाही. हिशेब कितीही चोख मांडला, तरी तो वाचून लाज वाटायला आधी झाडाशी, पाण्याशी थोडी ओळख असावी लागते.